नळ, नाली, दिवा आणि समिती : जबलपूर नगर निगमाकडून जाब कसा मागावा?

नेपियर टाउन, राइट टाउन, गोलबाजार या भागांत राहणारे मराठी वाचक एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. "पुण्यात भावाकडे गेलं की स्थायी समिती, प्रभाग समिती अशी नावं कानावर पडतात. आमच्या जबलपुरात तसं काही आहे का? १८१ या हेल्पलाइनवर तक्रार केली, ती 'निराकृत' म्हणून बंदही झाली, नाली मात्र तुंबलेलीच आहे. आता कोणाकडे जायचं?"

या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. तुमच्या दारातली नाली साफ करून घेणे हे तक्रार निवारण झाले. नाली दर महिन्याला का तुंबते, सफाईचे पैसे कुठे जातात, कामावर किती माणसे असायला हवीत आणि किती येतात, हे विभागाला विचारणे म्हणजे कारभाराची छाननी. तक्रार एका घराची असते, तर छाननी साऱ्या वॉर्डाची. तक्रारीचे उत्तर कर्मचारी देतो, पण छाननीत उत्तर द्यायला विभागप्रमुखाला उभे राहावे लागते.

ही छाननी समितीपुढे होते, पण समिती आपणहून फारसे काही शोधत नाही. तिच्यापुढे जो कागद येतो तोच ती तपासते. तो कागद नागरिकांनी तयार करायचा आहे, आणि तो कसा करायचा ते इथे क्रमाने सांगतो.

महाराष्ट्राचा हिशेब इथे लावू नका

महाराष्ट्रातल्या बहुतेक महानगरपालिकांत स्थायी समितीचे १६ सदस्य असतात आणि ते पक्षांच्या संख्याबळानुसार येतात. म्हणून खर्चाला मंजुरी देणाऱ्या त्याच समितीत विरोधी नगरसेवकही बसलेले असतात. मध्य प्रदेशात नगर निगमाचा कारभार १९५६ च्या नगरपालिक निगम अधिनियमावर चालतो आणि तिथे स्थायी समितीच्या जागी मेयर-इन-काउंसिल आहे. स्थानिक बोलीत तिला 'एमआयसी' म्हणतात. महापौर थेट जनतेतून निवडून येतात आणि एमआयसीचे सदस्य पार्षदांमधून, म्हणजे नगरसेवकांमधून, तेच नेमतात. पाणी, स्वास्थ्य, लोककर्म, राजस्व, विद्युत अशी खाती या सदस्यांकडे असतात.

याचा व्यवहारातला अर्थ नीट लक्षात घ्या. एमआयसी म्हणजे कारभार चालवणारी मंडळी. आपल्याच कामाची कठोर तपासणी तिने करावी अशी अपेक्षा धरून बसलात तर हाती काही लागणार नाही. जाब विचारण्याच्या जागा दुसऱ्या आहेत:

- सदन. जबलपुरात ७९ वॉर्ड आहेत आणि त्यांचे पार्षद मिळून सदन बनते. सदन अध्यक्ष चालवतात. अर्थसंकल्प इथे येतो, प्रश्नकाल इथे होतो. विरोधी पार्षदांचा आवाज अधिकृत नोंदीत येण्याची ही मुख्य जागा.
- वॉर्ड समिती. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या अनिवार्य केल्या (अनुच्छेद २४३ ध). जबलपूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच दहा लाखांपुढे गेली होती. वॉर्डाचा पार्षद आपल्या वॉर्ड समितीचा सदस्य असतोच. समिती अनेक वॉर्डांची असेल तर त्या पार्षदांपैकीच एकाला अध्यक्ष निवडले जाते.
- विभागनिहाय सलाहकार समित्या. खात्याच्या कामावर सल्ला देण्यासाठी या नेमल्या जातात. सध्या कोणत्या समित्या अस्तित्वात आहेत आणि शेवटची बैठक कधी झाली, हे लेखी विचारा. बैठक झालेली नसेल तर तेही उत्तर महत्त्वाचे आहे.
- संपरीक्षा, म्हणजे ऑडिट. निगमाचे हिशेब राज्याचा स्थानिक निधी संपरीक्षा विभाग तपासतो. त्यातल्या आक्षेपांत तुमच्या भागातले काम असू शकते.

आधी खात्री करा : काम नक्की कोणाचे?

चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज सहज महिनाभर पडून राहतो. आपल्या भागात होणारे घोळ असे:

- लोककर्म आणि लोक निर्माण. 'लोककर्म' हा निगमाचा विभाग आहे, 'लोक निर्माण विभाग' राज्य शासनाचा. मदनमहाल ते दमोह नाका हा उड्डाणपूल, ज्याचे ऑगस्ट २०२५ मध्ये उद्घाटन झाले, तो लोक निर्माण विभागाने बांधला. गल्लीतला रस्ता मात्र बहुधा निगमाचा असतो. खड्डा कोणत्या रस्त्यावर आहे ते पाहूनच अर्ज लिहा.
- पथदिवे आणि वीजपुरवठा. रस्त्यावरचा दिवा निगमाच्या प्रकाश विभागाकडे जातो. घरातली वीज गेली तर पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे.
- छावणी परिषद. सदर भागात राहणाऱ्या नातेवाइकांची तक्रार नगर निगमाकडे नेऊ नका. तिथले स्थानिक प्रशासन छावणी परिषद पाहते आणि तिला वेगळा कायदा लागू आहे.
- स्मार्ट सिटी. जबलपूर जानेवारी २०१६ च्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत होते. त्या योजनेतली कामे एका वेगळ्या कंपनीने केली. अशा कामाबद्दल विचारताना कंपनीचे नाव लिहा आणि आता देखभाल कोणाकडे सोपवली आहे हा प्रश्न जोडा.

मोहल्ल्याचे नाव आणि वॉर्डाचे नाव हीदेखील वेगळी गोष्ट आहे. जबलपुरात अनेक वॉर्डांना थोर व्यक्तींची नावे आहेत आणि मोहल्ला दोन वॉर्डांत विभागलेला असू शकतो. संपत्ती कराची पावती काढा, त्यावरचा वॉर्ड क्रमांक पाहा आणि प्रत्येक कागदावर तोच लिहा.

मोजपट्टी हातात घ्या

"पाणी नीट येत नाही" या वाक्याला अधिकारी "येते आहे" असे उत्तर देऊ शकतो. मापाला मात्र मापानेच उत्तर द्यावे लागते. केंद्राच्या शहरी विकास मंत्रालयाने २००८ मध्ये सेवास्तर मानकांची पुस्तिका काढली. पाणीपुरवठा, सांडपाणी, घनकचरा आणि पावसाच्या पाण्याचा निचरा या चार सेवांसाठी तिच्यात २८ निर्देशक आहेत. पुढे १३ व्या वित्त आयोगाने कामगिरी अनुदानाच्या अटींत शहरांनी आपली सेवामानके जाहीर करण्याची अट घातली. तुमच्या उपयोगाची काही मानके अशी:

- पाणी : दरडोई दररोज १३५ लिटर, पुरवठा २४ तास, बिल होत नसलेले पाणी २० टक्क्यांपर्यंतच.
- पाण्याची गुणवत्ता : सर्व नमुने निकषात बसले पाहिजेत. भारतीय मानकानुसार पाण्यात मुक्त क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवे.
- कचरा : प्रत्येक घरातून संकलन, तेही वर्गीकरण करून.
- निचरा : पाणी साचण्याच्या घटना शून्य.
- तक्रारी : पाण्याच्या किमान ८० टक्के तक्रारी २४ तासांत किंवा कामाच्या पुढच्या दिवसापर्यंत सुटल्या पाहिजेत.

ही मानके उद्दिष्टे आहेत. एखादे शहर ती गाठू शकले नाही म्हणून तुम्हाला भरपाई मिळत नाही. पण "मानक इतके, आपल्या वॉर्डात इतके, फरक कधी भरून काढणार?" हा प्रश्न सदनात टाळता येत नाही.

स्वच्छ सर्वेक्षणातली क्रमवारी या मोजपट्टीच्या जागी वापरू नका. २०२४-२५ च्या सर्वेक्षणात दहा लाखांवरच्या शहरांत जबलपूर पाचवे आले, ही शहराला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. मात्र तो आकडा साऱ्या शहराचा आहे. तुमच्या गल्लीत घंटागाडी किती वाजता येते, हे त्यातून कळत नाही.

पायरी पायरीने : तक्रारीपासून सदनापर्यंत

समजा, तुमच्या गल्लीत शेवटच्या पाच-सहा घरांना पाण्याचा दाब मिळत नाही. पुढचा क्रम असा ठेवा.

१. महिनाभर नोंद ठेवा. दहा-बारा घरांनी मिळून एकच वही करा. तारीख, पाणी कधी आले, कधी गेले, एक बादली भरायला किती मिनिटे लागली, पाण्याचा रंग आणि वास. गल्लीच्या सुरुवातीच्या दोन घरांचीही नोंद घ्या. सुरुवातीच्या घरात बादली लवकर भरते आणि शेवटच्या घरात तिप्पट वेळ लागतो, एवढी तुलनाच दोष वाहिनीत असू शकतो हे दाखवायला पुरेशी ठरते.

२. तक्रार क्रमांकासह करा. निगमाच्या संभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर 'आवक'चा शिक्का घ्या. सोबत १८१ या सीएम हेल्पलाइनवर नोंद करा. २०१४ पासून सुरू असलेल्या या हेल्पलाइनवर तक्रार एल-१ पासून एल-४ पर्यंत चढते. उत्तर न मिळाल्यास ती वरच्या अधिकाऱ्याकडे जाते. क्रमांक वहीत लिहा.

३. मंगळवारची जनसुनवाई वापरा. मध्य प्रदेशात दर मंगळवारी शासकीय कार्यालयांत जनसुनवाई असते. पाच-सात घरांच्या सह्यांचा एकच अर्ज घेऊन जा. सुनावणीत मोठी गोष्ट सांगत बसू नका. वहीतले एक पान आणि तक्रार क्रमांकांची यादी पुढे ठेवा.

४. माहिती अधिकाराखाली विभागाचा आकडा मागा. तुमच्या वहीत तुमची बाजू आहे. आता विभागाची बाजू त्याच्याच कागदावर घ्या. अर्ज हिंदीत, 'लोक सूचना अधिकारी, नगर निगम जबलपूर' यांच्या नावे लिहा. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. मागण्यासारखे मुद्दे:

- आमच्या वॉर्डात गेल्या सहा महिन्यांत पाण्याच्या किती तक्रारी आल्या, किती पुढच्या दिवसापर्यंत सुटल्या?
- नळाच्या टोकाशी घेतलेले पाण्याचे नमुने, त्यांच्या तारखा, क्लोरीनचे प्रमाण आणि निकाल.
- वॉर्डातले मंजूर सफाई कर्मचारी किती, गेल्या तीन महिन्यांतली हजेरी किती?
- पावसाळ्यापूर्वीच्या नाला सफाईचा कार्यादेश, मेजरमेंट बुकातली नोंद आणि देयक.
- वॉर्ड समिती व सलाहकार समितीच्या गेल्या एका वर्षातल्या बैठकांच्या तारखा आणि कार्यवृत्त.

"पाणी का येत नाही?" असा प्रश्न या अर्जात लिहू नका. माहिती अधिकारात नोंदीत असलेला कागद मिळतो, कारणमीमांसा मिळत नाही. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे.

५. एक पानाचे टिपण पार्षदाला द्या. वही आणि माहिती अधिकाराचे उत्तर यांतून तीन मुद्दे काढा : मानक काय, विभाग काय सांगतो, वही काय दाखवते. खाली एकच नेमकी मागणी लिहा. "या वाहिनीची तपासणी करून अहवाल वॉर्ड समितीपुढे ठेवावा" अशी. पार्षदांना सदनात प्रश्न आधी लेखी द्यावा लागतो, म्हणून बैठक जाहीर होण्याची वाट न पाहता टिपण आधीच पोचवा. पार्षद सत्तेतले असोत वा विरोधातले, प्रत त्यांनाच आधी द्या. त्यांनी दाद दिली नाही तर नेता प्रतिपक्षाला, खात्याच्या एमआयसी सदस्याला आणि निगमायुक्तांना प्रती द्या.

६. अर्थसंकल्पाचा हंगाम चुकवू नका. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते. वाहिनी बदलणे, नाली पक्की करणे अशी मोठी कामे अर्थसंकल्पात तरतूद असेल तरच होतात. म्हणून मागणीचे पत्र डिसेंबर-जानेवारीतच द्या. मार्चमध्ये दिलेले पत्र बहुधा पुढच्या वर्षावर ढकलले जाते.

७. प्रश्नाच्या उत्तराचा पाठलाग करा. सदनात "कार्य प्रगति पर है" असे उत्तर आले की काम संपत नाही. त्या उत्तराची प्रत मागा, त्यात मुदत नसेल तर मुदतीचा प्रश्न पुढच्या बैठकीसाठी द्या, आणि वहीतली नोंद चालू ठेवा. छाननीला धार येते ती दुसऱ्या प्रश्नाने.

समिती हललीच नाही तर?

तुमच्यापुढे आणखी मार्ग आहेत. कोणता घ्यायचा हे मागणी काय आहे यावर ठरवा.

- ठरावीक मुदतीची सेवा हवी असेल (नळजोडणी, जन्म-मृत्यू प्रमाणपत्र यांसारखी अधिसूचित सेवा) तर २०१० चा लोक सेवा गारंटी अधिनियम वापरा. असा कायदा करणारे मध्य प्रदेश हे देशातले पहिले राज्य. अर्ज लोक सेवा केंद्रात देऊन पावती घ्या. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला तर ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यावरच्या निर्णयानंतर ६० दिवसांत दुसरे अपील करता येते. विलंबासाठी जबाबदार अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल ५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि त्यातून अर्जदाराला भरपाई देता येते.
- माहिती मिळाली नाही तर ३० दिवसांत पहिले अपील करा. त्यानंतर ९० दिवसांत भोपाळच्या राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. मध्य प्रदेशात पहिल्या अपिलाला ५० आणि दुसऱ्याला १०० रुपये शुल्क आहे.
- पाणी किंवा सफाईच्या सेवेतील वाद सोडवायचा असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखालची स्थायी लोक अदालत आहे. पाणीपुरवठा आणि सार्वजनिक स्वच्छता या तिच्या कक्षेतल्या सेवा आहेत. कोर्ट फी लागत नाही. मात्र प्रकरण आधीच न्यायालयात असेल तर इथे येता येत नाही, आणि इथे अर्ज केल्यावर त्याच वादासाठी न्यायालयात जाता येत नाही. चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात करा.
- साऱ्या शहराचा प्रश्न असेल आणि बाकी मार्ग वापरून झाले असतील तर उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ आपल्याच गावात आहे. जनहित याचिका हा शेवटचा मार्ग समजा. तिथेही पहिल्यांदा विचारतील ते तुमचे आधीचे अर्ज आणि त्यांच्या पोचपावत्या.

नेहमी होणाऱ्या चुका

- १८१ वरून फोन आल्यावर घाईने 'संतुष्ट' म्हणणे. तुमची संमती नोंदली की तक्रार बंद होते. काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हो म्हणू नका. "उद्या करून देतो, आज बंद करा" या विनंतीला नम्रपणे नकार द्या. तुमच्या संमतीविना बंद झाली तर तारीख वहीत लिहा आणि नव्या तक्रारीत जुना क्रमांक द्या.
- एका अर्जात दहा प्रश्न. पाणी, कुत्री, दिवे, अतिक्रमण हे एकत्र लिहिले की अर्ज चार विभागांत फिरतो. एका विभागाला एक अर्ज.
- कर्मचाऱ्याशी भांडण. नाली साफ करणाऱ्या माणसाकडे पुरेसे हातमोजे आणि साधने आहेत का, हाही छाननीचा प्रश्न आहे. त्याला दोष देण्याआधी तो विचारा.
- केवळ ओळखीवर भिस्त. ओळखीने एक दिवस टँकर येतो, पण नोंद होत नाही. नोंद नसेल तर समितीच्या लेखी तुमच्या वॉर्डात पाण्याचा प्रश्नच नाही.
- सदन नसतानाही सदनाची वाट पाहणे. निगमाची मुदत संपून निवडणूक लांबली की प्रशासक नेमला जातो. जबलपूरने हे २०२० पासून जुलै २०२२ च्या निवडणुकीपर्यंत अनुभवले. त्या काळात प्रश्नकाल नसतो. अशा वेळी माहिती अधिकार, लोक सेवा गारंटी आणि लोक अदालत यांवरच भर द्या.

तुमचे हक्क, थोडक्यात

- दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच मागण्याचा हक्क.
- माहिती अधिकाराखाली कागद पाहण्याचा, चालू कामाचे निरीक्षण करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा नमुना घेण्याचा हक्क. रस्त्याच्या डांबराला आणि नालीच्या काँक्रीटलाही तो लागू होतो.
- निगमाने आपली रचना, अधिकाऱ्यांची कर्तव्ये, अर्थसंकल्प आणि समित्यांची माहिती न मागता प्रसिद्ध करावी अशी अपेक्षा धरण्याचा हक्क. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने ही जबाबदारी निगमावर टाकली आहे.
- घरमालक असा वा भाडेकरू, सेवेबद्दल विचारण्याचा हक्क. महाविद्यालयांमुळे नेपियर टाउनमध्ये भाड्याने राहणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांच्या सह्याही घ्या.

सुरुवात कुठून करावी?

नेपियर टाउनमध्ये निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी आणि शासकीय सेवेत आयुष्य घालवलेली मंडळी आहेत. फाइल कशी चालते आणि शेरा कसा लिहितात हे त्यांना ठाऊक आहे. या अनुभवाची वॉर्डाला आज गरज आहे. तीन-चार जणांनी मिळून कामे वाटून घ्यावीत : एकाने वही सांभाळावी, एकाने माहिती अधिकाराचे अर्ज लिहावेत, एकाने पार्षदाशी संपर्क ठेवावा. विषय एकच निवडा, पाणी किंवा नाली, आणि सहा महिने तो सोडू नका.

या आठवड्यात तीनच गोष्टी करा. संपत्ती कराच्या पावतीवरून वॉर्ड क्रमांक टिपून घ्या, शेजारच्या पाच घरांशी बोलून वही सुरू करा, आणि वॉर्ड समितीची शेवटची बैठक कधी झाली हे विचारणारा दहा रुपयांचा अर्ज द्या. बैठक झाली असेल तर कार्यवृत्तात तुमच्या गल्लीचा प्रश्न आहे का ते पाहा, आणि नसेल तर पुढच्या बैठकीसाठी टिपण द्या. बैठक झालीच नसेल, तर घटनेने अनिवार्य केलेल्या समितीची बैठक का झाली नाही, हाच तुमच्या पार्षदाने सदनात विचारायचा पहिला प्रश्न.